कोकणात हरणं बघायला डिसेंबरात यावं का?

तुमचा प्रश्न असा की डिसेंबरात चार दिवस देवरुखकडे येताय, तर रानातली हरणं दिसतील का, आणि त्यांची शिंगं, वीण, पिल्लं यांचं वर्षाचं चक्र कसं असतं.

दिसतील, पण कळप मनात धरून येऊ नका. ठिपक्यांच्या चितळांचे कळप बघायचे तर बोरिवलीचं नॅशनल पार्क बरं. आमच्या सह्याद्रीच्या पायथ्याला जनावर म्हणजे भेकर. एकटं फिरतं, फार तर जोडीनं. शेळीएवढं, वीस-पंचवीस किलोचं, तांबूस. नराची शिंगं जेमतेम वीतभर, तीही कपाळावरून निघालेल्या केसाळ खुंटांवर बसवल्यासारखी, आणि वरच्या जबड्यातून दोन सुळे बाहेर. वर चांदोलीच्या बाजूला चढत जाल तसं सांबर. मालवणी मुलखात त्याला मेरू म्हणतात. पिसोरीही आहे, सशापेक्षा थोडी मोठी, पण ती रात्रीची आणि पाचोळ्याच्या रंगाची. मी एवढ्या वर्षांत दोनदाच पाहिली, त्यातली एकदा मोटरसायकलच्या उजेडात. तिला शिंगंच नसतात आणि खरं तर ती हरणांच्या कुळातलीही नव्हे.

आता शिंगांचं. ते मला माझ्याच चुकीमुळे कळलं. डोंगराकडच्या अंगाला मी काजूची चाळीस कलमं लावली होती. तिसऱ्या वर्षी घटस्थापनेच्या सुमारास गवत काढायला गेलो, तर सात-आठ कलमांची साल गुडघ्याखाली सोललेली. तसाच शेजारच्या तात्यांकडे गेलो आणि त्यांच्या शेरडांवरून नाही नाही ते बोललो. तात्या काही न बोलता माझ्याबरोबर बागेत आले, एका कलमाशी उकिडवे बसले.

"शेरडू साल खातं रे. हितं तर सगळी लोंबत्येय. आनि दात कुठं उमटलेत, दाखव."

दात नव्हतेच. सालीच्या चिंध्या खोडाला लोंबत होत्या, आतलं लाकूड घासून गुळगुळीत झालेलं, आणि एका फटीत दोन तांबूस राठ केस अडकलेले. "भेकरू हाय," म्हणाले आणि निघून गेले. दोन दिवस मी त्यांच्या अंगणावरून जायचं टाळलं.

चौथ्या संध्याकाळी वहाळाच्या काठी बसलो तेव्हा नर आला. आधी कलमाचा वास घेतला, मग मान खाली घालून कपाळ खोडावर घासायला लागला, अगदी सावकाश, बैल गोठ्याच्या खांबाला मान घासतो तसं. डोळ्याखालच्या ग्रंथीची खाच मधेच उघडायची, मधेच मिटायची. एकदा तर जीभ बाहेर काढून त्यानं स्वतःचा डोळाच चाटला. तेवढी लांब जीभ असते त्याची.

भेकर, सांबर, चितळ यांची शिंगं हाडाची आणि दर वर्षी गळणारी. काळविटाची गळत नाहीत. भेकराची साधारण मे-जूनमध्ये पडतात. पावसात त्याच खुंटांवर नवी उगवतात, तेव्हा त्यांच्यावर मखमलीसारखी केसाळ कातडी असते, आत रक्त खेळत असतं, म्हणून त्या दिवसांत नर शिंगांना जपतो. शिंग आतून टणक झालं की कातडी सुकते, आणि ती खरवडून काढायला कुठलं तरी कोवळं खोड लागतं. त्या वर्षी माझी कलमं लागली. आता मी पावसाळा सरता सरता प्रत्येक खोडाभोवती काटेरी फांद्या बांधतो. सांबरानं घासलेलं खोड ओळखायला सोपं, तिथं साल माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर गेलेली असते.

सांबराचं वर्ष जास्त आखीव आहे. मार्च-एप्रिलमध्ये शिंगं पडतात, दिवाळीपर्यंत नवी टणक होतात, आणि नोव्हेंबर-डिसेंबर हे नरांचे माजाचे दिवस. तेव्हा ते चिखलात लोळतात, अंगाला उग्र वास येतो, मानेवरची आयाळ ताठ असते. गाभण काळ सुमारे आठ महिन्यांचा, म्हणजे पाडस ऐन पावसात, रान कोवळ्या पाल्यानं भरलेलं असताना. भेकराला मात्र असा मोसम नाही. नराची शिंगं ऋतूवर चालतात, पण पाडस कुठल्याही महिन्यात दिसू शकतं. गाभण काळ सहा-सात महिने, पिल्लू एकच.

गवतात एकटं पाडस दिसलं तर हात लावू नका. ते टाकलेलं नसतं, आईनं लपवलेलं असतं. आणि पडलेलं शिंग सापडलं तर फोटो काढा, घरी आणू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली अडकाल. शिवाय ते साळिंदराच्या वाट्याचं असतं, कुरतडून संपवतं.

डिसेंबराचं म्हणाल तर वाईट महिना नाही, फक्त पाणी सगळीकडे असतं, त्यामुळे जनावर एका जागी येत नाही. सोपं बघायचं तर मार्चनंतर या. तेव्हा वहाळ आटतात, एखाद्या कोंडीतच पाणी उरतं, आणि काजूचे बोंडू खायला भेकर संध्याकाळी बागेत उतरतं. मुरुडजवळच्या फणसाड अभयारण्यात पाणवठ्यांना गाण म्हणतात, उन्हाळ्यात तिथंही बसण्यासारखं असतं. डिसेंबरातच येणार असाल तर भात कापून झाल्यावर पेरलेल्या कुळथाच्या शेताकडे लक्ष ठेवा. रानाच्या कडेला, वारा तोंडावर येईल असे बसा, चार वाजल्यापासून अंधार पडेपर्यंत. विडी-सिगरेट नको, अत्तर तर नकोच. जीपमधून फिरून भेकर दिसत नाही, दिसतो तो त्याचा पांढरा शेपटाखालचा भाग.

आणि रात्री रानातून एकच कुत्रं थांबून थांबून, अर्धा-पाऊण तास भुंकतंय असं वाटलं तर ते भेकर. बिबट्याचा वास लागला की असं करतं, आणि तुमचा लागला तरी असंच करतं.