राग चौथ्या कडीत येतो

प्रश्न : ऑफिस फोर्टला, घर भांडुपला. घरात पाऊल टाकल्यावर पाच मिनिटांच्या आत बायकोवर नाहीतर मुलांवर ओरडतो. रोज सकाळी ठरवतो, आज ओरडायचं नाही. एक दिवसही जमत नाही. काय करू?

उत्तर : गीतेच्या दुसऱ्या अध्यायात, ६२ आणि ६३व्या श्लोकांत, एक साखळी आहे : विषयाचं चिंतन, आसक्ती, इच्छा, क्रोध, संमोह, स्मृतिभ्रंश, बुद्धिनाश आणि मग सर्वनाश. क्रोध चौथा, स्मृती जाते सहाव्या कडीला. तुमचा सकाळचा संकल्प म्हणजे स्मृतीच की! आवाज चढल्यावर तो सापडणार कुठून? हात घालायचा तो पहिल्या तीन कड्यांत.

पहिले सात दिवस सुधारायला जाऊ नका, नुसती नोंद ठेवा. वहीत चार रकाने : वेळ, शेवटचं कधी खाल्लं, गाडीत डोक्यात काय घोळत होतं, घरी काय मिळेल असं वाटत होतं. चौथा रकाना प्रामाणिकपणे भरा. ‘शांतता आणि आयता चहा’ असं काही तिथे आलं, तर इच्छेची कडी सापडली. घरच्यांना ती ठाऊकच नसते, त्यामुळे ती रोज मोडते. दुपारच्या डब्यानंतर पोटात काही नसेल, तर घाटकोपर यायच्या आत मूठभर चणे-शेंगदाणे खा. साधं वाटतं, पण उपाशी पोटी संयमाच्या गप्पा फोल आहेत.

आठव्या दिवशी एकच ‘जर-तर’ ठरवा : ‘चपला काढल्या की तांब्याभर पाणी घेऊन बसेन, ते संपेपर्यंत बोलणार नाही.’ अशा संकल्पांचा मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी बराच अभ्यास केला आहे. ‘ओरडणार नाही’ यात करण्यासारखं काहीच नसतं. पाणी पिणं ही कृती आहे आणि तिची वेळ चपलाच सांगतात. एकदम पाच नियम केलेत तर पाचही विसराल. बायकोला आधी सांगून ठेवा : ‘पहिली १५ मिनिटं मला काही विचारू नकोस, मग मुलांचा अभ्यास मी घेतो.’ दुसरा भाग पाळला नाहीत तर पहिला भाग नुसती सवलत ठरेल. आणि तोंड फुगवून गप्प बसणं हाही रागच. मुलांना तो ओरडण्याइतकाच कळतो.

ओरडलातच, तर जेवणाआधी माफी मागा. त्या वाक्यात ‘पण’ नको.

प्रश्न : संध्याकाळी सीएसएमटीला आमच्या ग्रुपमधला पहिला चढणारा रुमाल, बॅगा टाकून सगळ्यांच्या जागा धरतो. मलाही बसायला मिळतं. चुकीचं वाटतं, पण बोलवत नाही. बोलू का?

उत्तर : आधी बोलू नका, आधी बसू नका. पतंजलींच्या पाच यमांत अस्तेय आहे, म्हणजे आपलं नाही ते न घेणं, आणि रुमालाखालची जागा त्यातच मोडते. स्वतः रुमाल टाकणं आजच बंद करा. तुमच्यासाठी धरलेली जागा शेजारी उभ्या असलेल्याला द्या. कारण विचारलं तर ‘मला उभं राहायला चालतं’ एवढंच म्हणा. थट्टा होईल, ती होऊ द्या. त्या जागेवर बसून केलेल्या उपदेशाला ग्रुपमध्ये कुणी किंमत देणार नाही, आणि ते योग्यच आहे.

प्रश्न : सवय २१ दिवसांत लागते ना?

उत्तर : त्या आकड्याला आधार नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सरासरी ६६ दिवस आले, आणि माणसागणिक अंदाज १८ ते २५४ दिवस असा पसरला. तेही फळ खाणं, पाणी पिणं अशा सोप्या सवयींसाठी. राग त्याहून चिवट. एखादा दिवस चुकल्याने मात्र फारसं बिघडलं नाही. तेव्हा वहीतला चुकलेला दिवस मागाहून भरू नका, रिकामाच ठेवा आणि दुसऱ्या दिवशीची तारीख घाला.