आजी का थांबत नाही?

प्रिय चिऊ,

वुस्टरच्या डायनरमध्ये, त्या छोट्या खाणावळीत, तू जे विचारलंस त्याचं उत्तर मी तिथं दिलं नाही. कॉफी पुन्हा ओतायला आलेल्या बाईंना मी कपावर हात धरून नको म्हटलं, त्या ‘ओके, हनी’ म्हणून पुढे गेल्या, आणि तू म्हणालीस, “तुझा हात बघून त्या थांबल्या. मिरजेची आजी वाढताना का नाही थांबत?” बाबाला हसू आलं. मला ते लागलं, कारण प्रश्न बरोबर होता आणि माझ्या आईबद्दल होता.

आधी त्या जागेबद्दल. तुला ती जुनाट वाटली, मला आत शिरताच ओळखीची. लांबट, अरुंद, एका बाजूनं काउंटर, पुढे स्टुलांची रांग. मिरज जंक्शनजवळच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलेल्या मुलीला तो डबाच वाटणार. पण रुळांवर तो कधी धावलेला नाही. वुस्टर लंच कार कंपनीनं 1948 साली बांधलेला तो 812 नंबरचा डायनर, आणि कारखाना समोरच, रस्त्यापलीकडे. कंपनी 1957 मध्ये बंद पडली, डायनर चालूच राहिला. असल्या जागांची सुरुवात तिथून जवळच, प्रॉव्हिडन्सला झाली. 1872 साली वॉल्टर स्कॉट नावाचा माणूस रात्री घोडागाडीतून सँडविच, पाय (pie) आणि कॉफी विकायला लागला. बाकी सगळं बंद झाल्यावर वर्तमानपत्राच्या कचेरीत जागणाऱ्यांना खायला कोण देणार, म्हणून.

मला लगेच नानांची रात्रपाळी आठवली. नाना अवेळी घरी यायचे आणि आजी उठून स्टोव्ह पेटवायची. रॉकेलच्या वासानं मला जाग यायची. भाकरी तव्यावरून थेट ताटात. दोन खाऊन झाल्या की अंधारात मला ऐकू यायचं:

“बास.”

“अर्धी.”

“बास म्हटलं ना.”

“बरं, चतकोर.”

तो चतकोर नेहमी अर्धीहून मोठा असायचा. दिवसभरात ती दोघं एकमेकांशी फारसं बोलायची नाहीत गं. जे काय बोलणं व्हायचं ते या भाकरीवरून.

ताईआत्याच्या लग्नातला बापूकाकांचा किस्सा तुला पाठ आहे, व्याह्यांनी पानावर दोन्ही हात आडवे धरले तर बापूकाकांनी त्यांच्या बोटात जिलबी अडकवली तो. अख्खी पंगत हसत होती, व्याहीसुद्धा. मीही हसले होते. आता तुझा प्रश्न ऐकल्यावर वाटतं, त्यांना खरंच नको असेल तर?

पण आजीचं वेगळं आहे. तिचं माहेर आटपाडीचं. 1972 च्या दुष्काळात ती साधारण तुझ्याएवढी होती. पणजोबा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे, तिथं सुकडी, म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ मिळायचा, आणि रेशनवर लाल मिलो, म्हणजे एक जातीची ज्वारी. तो मिलो अमेरिकेतून आलेला, आपण राहतो त्याच देशातून. मामाआजोबा सांगतात, त्याची भाकरी कोणाला आवडायची नाही, तरी पुरवून पुरवून खायची. अशात पाहुणा आला तरी पणजी ‘जेवूनच जा’ म्हणायची आणि मुलांना डोळ्यांनी खुणावायची, तुम्ही नंतर. पाहुण्यालाही घराची अवस्था दिसायची, म्हणून तो पोटात भूक असून नको म्हणायचा. मग त्याला पुन्हा विचारायचं, तिसऱ्यांदाही विचारायचं, तेव्हा कुठे तो घ्यायचा. आजी हे बघत मोठी झाली. समोरचा नको म्हणाला की तो संकोचतोय, हेच तिला आधी सुचतं.

तू संकोचत नसतेस. तुझं पोट भरलेलं असतं. नाही म्हटल्यावर समोरच्यानं थांबायचं, असं तुला शाळेत शिकवतात, आणि मुलीची आई म्हणून ते मला फार हवं आहे. त्यामुळे ‘आपल्याकडे असंच असतं’ एवढं सांगून मला मोकळं होता येत नाही.

आणखी एक मला खुपतं. आमच्याकडे शेवटची पंगत बायकांची असायची. तोवर वरणाच्या पातेल्याचा तळ दिसायला लागलेला, ताटात जिलबीचा चुरा. काकू पातेलं खरवडून भातावर घ्यायची आणि पाच मिनिटांत उठायची. सकाळपासून इतरांना ‘घ्या हो, घ्या’ म्हणणाऱ्या काकूला ‘अजून घे’ म्हणायला कोणी उभं नसायचं. आग्रह ही मायाच होती असं मी मनापासून मानते. मग ती काकूपर्यंत का पोचली नाही, हे मला अजून उलगडलेलं नाही.

दिवाळीला आजी इकडे येतेय. मी तिला आधी काही सांगून ठेवणार नाही, आणि तुलाही ‘घे गं, तिला वाईट वाटेल’ म्हणणार नाही. पोट भरलं असेल तर तसं सांग, तिनं पुन्हा विचारलं तर पुन्हा सांग. फक्त जमलं तर त्या मिलोबद्दल तिला विचार. मी विचारलं की ‘काय त्याचं एवढं’ म्हणून ती उठून जाते. नातीला कदाचित सांगेल. तुला विचारावंसं वाटलं तरच हं.

तुझी,
आई