प्रयोग बाण्यात करा, ताणा साधा ठेवा

सामुदायिक विणकाम स्टुडिओत उरलेल्या सुताच्या पेट्या भरून आहेत, धोटे (आडवा धागा नेणारी साधनं) आणि फण्याही (धागे ओवायच्या आणि ठोकायच्या कंगव्यासारख्या पट्ट्या) तऱ्हेतऱ्हेच्या आहेत, तर सुरुवात कशी करू, असं तुम्ही विचारलंय. ताण्यात, म्हणजे मागावर ताणलेल्या उभ्या धाग्यांत, एकच साधं, दोनपदरी सुती सूत लावा आणि काय गंमत करायची ती बाण्यात, म्हणजे आडव्या धाग्यात करा.

मी उलटं केलं होतं. रंग जुळले म्हणून ताण्यात लोकर आणि सुताचे पट्टे आलटून-पालटून लावले. लोकर ताणली जाते, सूत फारसं नाही. हातभर विणेपर्यंत काही पट्टे ढिले, काही वीणेच्या तारेसारखे ताठ. वरून कोमट पाण्यात चोळून धुतलं, तर लोकर आटली आणि सुती पट्टे फुगून वर आले. काही जण हे मुद्दाम करतात म्हणे. मला मात्र सपाट शाल हवी होती.

लेबल नसलेला धागा ताण्यात चालेल का? वीतभर तुकडा दोन्ही टोकांना धरून हळूच झटका द्या. पीळ सुटून तंतू सरकले तर तो बाण्यालाच ठेवा. मग अंगठ्याच्या नखावरून वीसेक वेळा मागे-पुढे ओढा. जी लव नखावर उठते, तीच फणीत उठणार. मोहेरसारखे (अंगोरा बकरीची लोकर) केसाळ धागे तर एकमेकांना असे बिलगतात की धोटा जायला फटच उघडत नाही.

ताण्याची दाटी, म्हणजे इंचाला किती धागे, ते ठरवायला धागा मोजपट्टीवर एक इंचभर गुंडाळा, वेढ्याला वेढा टेकेल पण दाबला जाणार नाही असा. 24 वेढे बसले तर साध्या विणीला इंचाला 12 धागे, ट्विलला (तिरप्या रेघांच्या विणीला) 16च्या आसपास. इंचाला 10 घरांचीच (फटींचीच) फणी असली तरी अडत नाही: चार घरांत एकेक आणि पाचव्यात दोन ओवत गेलं की 12 होतात.

सामुदायिक स्टुडिओचा खरा फायदा इथे आहे. चार-पाच जणांनी मिळून एकच लांब ताणा चढवा. ओवण्याचं कंटाळवाणं काम वाटलं जातं आणि प्रत्येकाला हातभर कापड मिळतं. त्यात दर आठ-दहा सेंटिमीटरला एकच गोष्ट बदला: आधी धागा, मग फणीचा ठोका, मग धोटा. जाड, गाठाळ धाग्याला चपटा पट्टीचा धोटा बरा, साध्या धोट्यातल्या कांडीवर (छोट्या रिळावर) तो मावतच नाही. बाणा सरळ न टाकता तिरका टाका, नाहीतर काठ आत ओढले जातात आणि दोष उगाच धाग्याला लागतो.

नमुना मागावर असताना मत बनवू नका. अर्धा कापून धुवा, उरलेला तसाच ठेवा आणि दोन्ही शेजारी ठेवून मोजा. जास्त पिळाचा एकपदरी धागा मागावर अगदी गरीब दिसतो, पाण्यात पडला की आख्खं कापड सुरकुतून आक्रसतं.