वाचकांचे प्रश्न : अँप लहान, तरी हॉर्न का जळतो?

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये 15 इंची दोन बॉक्स आहेत, प्रत्येकावर 8 ओहम, 250 वॉट लिहिलंय. अँप (अँप्लिफायर) दर चॅनेलला 150 वॉटचा. गणपतीत आणि एकादशीच्या भजनाला वापरतो. हॉर्न (बॉक्समधला वरच्या पट्टीचा छोटा स्पीकर) जळाला म्हणून त्यात नवीन डायफ्रॅम (थरथरणारा पडदा) टाकला, तोही पुढच्याच भजनात गेला. अँप तर स्पीकरपेक्षा लहान आहे, मग जळतो कसा? इलेक्ट्रिशियन म्हणतो लाईनमध्ये फ्यूज नाहीतर बल्ब टाका, पण त्याने आवाज बिघडेल का?
– एक वाचक, वर्तकनगर, ठाणे

उत्तर : अँप लहान म्हणजे स्पीकर सेफ, हा समज फार पसरलाय आणि त्यापायी बरेच चांगले बॉक्स वाया जातात. तुमचा अँप 150 वॉट स्वच्छ देतो, पण हॉल भरला की लोक बोलायला लागतात, मागचे म्हणतात ऐकू येत नाही, कोणीतरी मिक्सरवर मास्टर वर ढकलतो आणि अँपवरचा क्लिपचा, म्हणजे ताकद संपल्याचा, लाल लाईट पेटूनच राहतो. त्या वेळी आवाजाच्या लाटेचा माथा कापला जाऊन ती सपाट होते. तेवढ्याच उंचीची पूर्ण सपाट लाट साध्या लाटेच्या दुप्पट पॉवर देते, म्हणजे 150 चे 300 पर्यंत जाऊ शकतात. वर कापलेल्या माथ्यातून जे नवीन तीक्ष्ण सूर तयार होतात ते क्रॉसओव्हर (बॉक्समध्ये वरचे-खालचे सूर वेगळे करणारं सर्किट) सरळ हॉर्नकडे पाठवतो. हॉर्नच्या कॉइलची, म्हणजे आतल्या वेटोळ्याची, तार केसासारखी बारीक, कारण एकूण पॉवरचा थोडाच भाग त्याच्या वाट्याला येणार असं धरूनच तो बनवलेला असतो. त्यात तुमचं भजन! टाळांचा जवळजवळ सगळा आवाज वरच्या पट्टीतला, आणि तो तासभर थांबत नाही. कॉइलला गार व्हायला वेळच मिळत नाही.

आता फ्यूज आणि बल्ब. फ्यूज उडेपर्यंत हॉर्नची कॉइल बऱ्याचदा आधीच गेलेली असते. हॉर्नच्या लाईनमधला बल्ब ही जुनी युक्ती आहे आणि ती चालते, बल्ब तापला की त्याचा रेझिस्टन्स वाढतो आणि हॉर्नला कमी पॉवर मिळते, पण नेमकं भजन रंगात आलं की टाळ दबल्यासारखे वाटणार. शेवटचा उपाय म्हणून ठेवा, त्याच्या भरवशावर राहू नका. माझं स्पष्ट मत आहे की अँप आणि स्पीकरच्या मध्ये जे काही घालाल ते आवाजातून काहीतरी घेतंच, म्हणून बंदोबस्त अँपच्या आधी करा. तिथे लिमिटर लावा, तो आवाज ठरवलेल्या मर्यादेपलीकडे जाऊ देत नाही. मिक्सरमध्ये किंवा अँपमध्ये नसेल तर वेगळा मिळतो.

सेट करताना स्पीकरच्या वायरी काढून ठेवा, भजनाचं रेकॉर्डिंग लावा, अँपचा नॉब नेहमीच्या जागी ठेवून लाल लाईट लुकलुकेपर्यंत मिक्सर वाढवा, मग लिमिटरचा थ्रेशोल्ड (ती मर्यादा) इतका खाली आणा की मास्टर पूर्ण वर नेला तरी लाईट पेटणार नाही. सगळं बंद करूनच वायरी परत जोडा आणि नंतर अँपच्या नॉबला कोणी हात लावायचा नाही. गाणाऱ्यांच्या माइकला 80 ते 100 हर्ट्झचा हाय पास (त्याखालचे सूर अडवणारा फिल्टर) द्या, पखवाजाचा माइक सोडून. माइक हाताळल्याची धडधड आणि श्वासाचे फटके वूफरपर्यंत (बासच्या मोठ्या स्पीकरपर्यंत) जाणारच नाहीत, आणि गळ्यातलं काहीही कमी होत नाही.

अजून एक, आवाज फक्त 3 डेसिबल वाढवायला पॉवर दुप्पट लागते. त्यापेक्षा बॉक्स स्टँडवर चढवून श्रोत्यांच्या डोक्याच्या वर घ्या आणि शक्य तितके पुढे आणा. पुढेमागे अँप बदललात तर लहान नको, 300-400 वॉटचा घ्या, पण लिमिटरसकटच. चालू करताना अँप सगळ्यात शेवटी, बंद करताना सगळ्यात आधी, आणि माइकची वायर काढायची तर आधी मिक्सरवरचा त्याचा फेडर (आवाजाची सरकपट्टी) खाली. ती जी धप्प होते ना, ती वूफरच्या कोनला (पुढच्या हलणाऱ्या पडद्याला) बसते.

प्रश्न : घरच्या जुन्या स्पीकरच्या कोनभोवतीचा फोम हात लावताच भुगा होतोय. स्पीकर टाकून द्यावे का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : अजिबात नको! खाडीजवळच्या दमट हवेत फोम असा झिजतोच, कोन आणि कॉइल सहसा ठीक असतात. दोन्ही हातांची बोटं कोनवर समोरासमोर ठेवून हलकेच आत दाबा, खरखर आली नाही तर कॉइल चांगली आहे. तशी असेल तर फक्त फोमची रिंग बदलून घ्या, मापाची आणि तितकीच मऊ. दुकानदार टिकाऊ म्हणून रबराची सुचवेल, पण ती जड असते आणि बास बदलतो. चिकटवताना कॉइल मधोमध बसवावी लागते, म्हणून हे काम रोज करणाऱ्याकडेच द्या, आणि तोपर्यंत ते स्पीकर वाजवू नका, आधार सुटलेला कोन तिरपा होऊन चांगली कॉइल घासते.