‘एक्सपिरियन्स’पुढे इन, विथ की ऑफ?

नोकरीच्या अर्जात स्वतःचा अनुभव इंग्रजीत मांडताना ‘एक्सपिरियन्स’पुढे इन, विथ आणि ऑफ यांतलं नेमकं काय लिहायचं आणि दर वेळी तिथेच का अडायला होतं, असं तुम्ही विचारलंय.

अडायला होतं ते आपल्या ‘चा’मुळे. शिकवण्याचा अनुभव, यंत्रांचा अनुभव, गरिबीचा अनुभव, ५ वर्षांचा अनुभव. मराठीत एकच प्रत्यय चारही ठिकाणी निभावतो, इंग्रजीत मात्र वाटा फुटतात. ‘चा’ म्हणजे ‘ऑफ’ हे माझ्याही डोक्यात पक्कं होतं, म्हणून माझ्या पहिल्या अर्जात सगळीकडे ऑफच होतं. मग मी ‘चा’ बाजूला ठेवून स्वतःला विचारू लागलो: हा अनुभव कशातला, कशाशी, की काय सोसल्याचा?

कशातला, म्हणजे क्षेत्र किंवा काम, तिथे इन: ‘एक्सपिरियन्स इन अकाउंटिंग’. कामाचं क्रियापद असेल तर इन गाळलं तरी चालतं: ‘एक्सपिरियन्स टीचिंग मॅथ्स’. ‘द एक्सपिरियन्स टू टीच’ म्हटलं की अर्थ बदलतो, शिकवता येईल इतपत अनुभव. कशाशी, म्हणजे जे आपण वापरतो किंवा ज्यांच्याशी आपला संबंध येतो, तिथे विथ: ‘विथ एक्सेल’, ‘विथ चिल्ड्रन’. जे अंगावरून गेलं, त्याला ऑफ: ‘एक्सपिरियन्स ऑफ वॉर’. ब्रिटिश इंग्रजीत ‘एक्सपिरियन्स ऑफ टीचिंग’ही सर्रास दिसतं, त्यामुळे ते चूक नाही. अमेरिकन वाचकासाठी लिहीत असाल तर इन बरं. सॉफ्टवेअरच्या बाबतीत इन आणि विथ दोन्ही चालतात, तिथे फार वेळ घालवू नका. पदासाठी ॲज, संस्थेसाठी ॲट.

माझ्या मते याहून मोठी अडचण ‘पासून’ची आहे. आपण ‘२०१९पासून’ म्हणतो आणि ‘५ वर्षांपासून’ही म्हणतो. इंग्रजीत सिन्स लागतं ते सुरुवातीच्या क्षणाला, ‘सिन्स २०१९’. कालावधी मोजायचा असेल तर फॉर. ‘सिन्स लास्ट फाइव्ह इयर्स’ हे मराठी बोलणाऱ्याला अगदी नैसर्गिक वाटतं, पण अर्ज वाचणाऱ्याला खटकतं. ‘आय हॅव बीन टीचिंग फॉर फाइव्ह इयर्स’ असं लिहा. इथे ‘हॅव बीन’ही तितकंच महत्त्वाचं. ‘आय ॲम टीचिंग फॉर फाइव्ह इयर्स’ लिहिलं तर फॉर बरोबर असूनही वाक्य बिघडतं.

शब्दांच्या जोड्यांचंही असंच आहे. आपण अनुभव घेतो, इंग्रजीत तो ‘गेन’ करतात, ‘टेक’ नाही. आपला अनुभव दांडगा असतो, त्यांचा ‘एक्स्टेन्सिव्ह’. ‘बिग एक्सपिरियन्स’ कोणी म्हणत नाही. ‘आय ॲम हॅविंग’ऐवजी साधं ‘आय हॅव’. आणि एक छोटासा ‘ॲन’ मोठा फरक करतो: ‘एक्सपिरियन्स’ म्हणजे साठत गेलेला अनुभव, ‘ॲन एक्सपिरियन्स’ म्हणजे एखादा प्रसंग. ‘आय हॅव मेनी एक्सपिरियन्सेस इन सेल्स’ लिहिलंत तर समोरच्याला वाटेल, तुम्ही आता किस्से सांगणार.

जोडी ठरत नसेल तर कोलोकेशनचा, म्हणजे शब्दांच्या जोड्यांचा, शब्दकोश उघडा. ऑक्सफर्डने विद्यार्थ्यांसाठी असा कोश २००२मध्ये काढला. त्यात ‘एक्सपिरियन्स’ काढलंत की कोणती विशेषणं, कोणती क्रियापदं आणि कोणती शब्दयोगी अव्ययं सोबत येतात ते एका जागी मिळतं. मी अजूनही तो हाताशी ठेवतो. नियम पाठ करण्यापेक्षा पाच-सहा जोड्या अख्ख्या पाठ करणं मला जास्त उपयोगी पडलं.

अर्ज आजच पाठवायचा असेल तर ‘एक्सपिरियन्स’ हा शब्दच टाळा आणि काय केलंत ते सांगा: ‘आय टॉट मॅथ्स फॉर फाइव्ह इयर्स’. त्यात इन, विथ, ऑफचा प्रश्नच येत नाही.