घर आणि शाळा, दोन्हीकडे शिकताना

ताई, लेकराला काही दिवस शाळेत अन् काही दिवस घरी शिकवायचं ठरवलंत, तर आधी मुख्याध्यापकांना भेटा. हजेरी आणि चाचण्या कशा धरणार हे लेखी घ्या. तोंडी बोलण्यावर राहू नका.

गणिताचा, भाषेचा नवा धडा शाळेतच होऊ द्या. घरी सराव, वाचन आणि हातानं करायचं काम. मापन तर आपल्या दारातच आहे: सोयाबीनची पोती, तुरीच्या ओळी, शेताचे गुंठे. 40 गुंठ्यांचा एकर स्वतः चालत मोजलेलं लेकरू ते विसरत नाही. त्याच्याकडूनच वहीत आकृती काढून घ्या, लांबी-रुंदी लिहायला लावा, मग क्षेत्रफळ काढू द्या. चुकलं तर लगेच सांगू नका, पुन्हा मोजू द्या.

लाइटचा भरवसा नसतो, म्हणून बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ आधीच उतरवून ठेवा. त्या मोफत मिळतात. दीक्षा अ‍ॅपवरचे व्हिडिओही. मोबाइल मात्र तुमच्याच हातात हवा, याबाबत मी फार आग्रही आहे.

अभ्यास सकाळीच घ्या. उन्हाळ्यात दुपारी पत्र्याखाली डोकं चालत नाही. आणि खेळाचा तास असेल त्या दिवशी शाळा चुकवू नका, सवंगडी तिथंच भेटतात.