घराजवळ मनपाच्या तीन शाळा, मुलीला कुठल्या शाळेत घालू?

प्रश्न: मॅडम, आम्ही सिडकोत राहतो, मिस्टर अंबडला कंपनीत आहेत. मुलगी जूनला पहिलीत जाईल. प्रायव्हेटची फी झेपणार नाही आणि मनपाच्या शाळेला माझी ना पण नाही, पण चालत जाता येईल अशा तीन आहेत. एक नवीन रंगवलेली, डिजिटल बोर्डवाली, दुसरी जुनी पण सेमी इंग्लिश, तिसरीत पोरं फार कमी. सासूबाई म्हणतात सगळ्या सारख्याच. कशावरून ठरवू?
एक आई, सिडको, नाशिक

उत्तर: ताई, सगळ्या सारख्या अजिबात नसतात. आधी रंग आणि बोर्ड बाजूला ठेवा. माझ्या मुलाच्या वेळी मी तेच बघून फसले, अॅडमिशनला कॉम्प्युटर रूम दाखवली, नंतर वर्षभर तिला कुलूप, आणि पहिली-दुसरीला मिळून एकच बाई. दुसरी संपली तरी पोरगं जोडाक्षराला अडकायचं, ते मला अजून टोचतं.

म्हणून पहिला प्रश्न हाच, की पहिलीला स्वतंत्र शिक्षक आहे का. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी 60 मुलांपर्यंत 2 शिक्षक, 90 पर्यंत 3 असा हिशोब आहे, पण तो शाळेच्या पटावर, वर्गावर नाही. त्यामुळे कमी पटाच्या शाळेत शिक्षक दोन आणि वर्ग पाच असं होऊ शकतं. पोरं कमी म्हणजे लक्ष जास्त असं आपल्याला वाटतं, पण बाई फळ्यावर तिसरीची वजाबाकी मांडतायत आणि पहिलीची बारकी मागं पाटीवर रेघोट्या ओढत बसलीयेत, हे मी डोळ्यांनी बघितलंय. मात्र त्या दोन्ही बाई जीव लावून शिकवणाऱ्या निघाल्या तर ती शाळा सोडू नका.

हे कळायचं कसं, तर मुख्याध्यापकांना विचारून तिसरीच्या वर्गात दहा मिनिटं बसा. पुढच्या बाकावरची हुशार पोरगी वाचून दाखवेलच, तुम्ही मधल्या बाकावरच्याला न शिकवलेलं पान द्या. बोट ठेवून, अडखळत का होईना, वाचलं आणि काय वाचलं ते आपल्या शब्दांत सांगितलं तर त्या शाळेत काम चाललंय, मग भिंतीचे पोपडे निघालेले असले तरी चालेल.

सेमीचं म्हणाल तर त्यात गणित आणि पुढं विज्ञान इंग्रजीतून असतं, बाकी मराठीच. तिथल्या पोरांना 'थर्टी सेवन' म्हणजे किती ते मराठीत विचारा, सदतीस लगेच आलं तर ठीक, नुसतं पाठ असेल तर तेही तिथंच कळतं.

मधल्या सुट्टीत जा, म्हणजे खिचडीही बघता येईल आणि मुलींच्या टॉयलेटमध्ये नळाला पाणी आहे का तेही. हे नक्की बघा, त्यापायी दिवसभर पाणी न पिणाऱ्या मुली असतात. शाळा व्यवस्थापन समितीची शेवटची मीटिंग कधी झाली ते पण विचारा, तिच्यात पाऊण सदस्य पालक असतात आणि निम्म्या बायका असाव्या लागतात, उद्या तुम्हीच त्यात असाल. आणि शाळा कितवीपर्यंत आहे, पुढं पोरं कुठं जातात, तेही.

जूनची वाट बघू नका, आत्ता शाळा चालू असतानाच जाऊन या, एकदा सुट्ट्या लागल्या की रिकामे बाकच दिसतील.